चमचाभर विरजण

'उत्साहावर विरजण पडलं' असं आपण अगदी सहज बोलून जातो. हा वाक्प्रचार कुणी काढला कोण जाणे, पण रोज रात्री दूध विरजणारी बाई ती नक्कीच नसणार. कारण दुधात विरजण पडलं की दूध बिघडत नाही. उलट ते दोन-चार दिवस जास्त टिकतं, पचायला हलकं होतं आणि त्यातून ताक, लोणी, तूप असा पुढचा सगळा संसार उभा राहतो. विरजण पडायचं राहून गेलं तर खरी पंचाईत!

गेली काही वर्षं बचत गट आणि अंगणवाडीच्या निमित्ताने आमच्या भागातल्या वस्तीत माझं जाणं-येणं आहे. बायका जमल्या की दह्याचा विषय हमखास निघतो. ''ताई, बाळंतिणीला दही चालतं का हो?'' ''पोराला सर्दी झालीय, दही बंद केलंय.'' ''टीव्हीवर पोटासाठी ती छोटी बाटली दाखवतात, ती आणू का?'' म्हणजे एकीकडे दही शत्रू, दुसरीकडे दही अमृत. मधलं काही नाहीच. गेल्या पावसाळ्यात यातल्याच एका आईच्या आठ महिन्यांच्या बाळाला जुलाब लागले. शेजारणीने सांगितलं, ''ताकाची निवळी दे, पोट धरेल.'' तिने तीन दिवस तेवढंच दिलं. मीठ-साखरेचं पाणी नाही, अंगावरचं दूधही कमी केलेलं. चौथ्या दिवशी बाळ मान टाकायला लागलं तेव्हा धावपळ करून दवाखान्यात नेलं, सलाइन लागलं. बाळ सुखरूप घरी आलं, पण दही नेमकं काय करतं आणि काय करत नाही, हे नीट सांगायला हवं, असं तेव्हापासून फार वाटत होतं.

विरजण म्हणजे जिवंत जिवाणूंची वसाहत. हे जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खातात आणि तिचं लॅक्टिक आम्ल करतात. आम्ल वाढलं की दुधातलं केसीन नावाचं प्रथिन एकमेकांना धरून बसतं. हेच आपलं घट्ट दही. बाजारच्या योगर्टमध्ये ठरवून दोन जिवाणू घातलेले असतात. एक लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस, दुसरा स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. आपल्या घरच्या दह्यात मात्र घराघरांप्रमाणे वेगवेगळी सरमिसळ असते. एकाच गल्लीतल्या दोन घरांच्या दह्याची चव वेगळी लागते, ती उगाच नाही.

बल्गेरिकस हे नाव बल्गेरिया देशावरून आलं. स्टॅमेन ग्रिगोरोव्ह हा बल्गेरियाचा तरुण जिनिव्हात वैद्यकशास्त्र शिकत होता. त्याने १९०५ साली आपल्या देशातल्या दह्यात हा जिवाणू शोधून काढला. पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या इल्या मेचनिकॉव्ह यांनी हा धागा उचलला. प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळालं होतं (पॉल एर्लिश यांच्यासोबत), त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. आतड्यातल्या घातक जिवाणूंमुळे म्हातारपण लवकर येतं, आंबट दुधाने ते रोखता येईल, असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः रोज आंबट दूध घेत. (वारले ते १९१६ साली, ७१व्या वर्षी. त्या काळाच्या मानाने ठीकच, पण शंभरी काही गाठली नाही!) मात्र या कल्पनेने युरोपात दह्याचं भाग्य उजळलं. १९१९ साली बार्सिलोनात आयझॅक करासो यांनी 'डॅनोन' सुरू केली, तेव्हा त्यांचं दही चक्क औषधाच्या दुकानांतून विकलं जाई. नंतरच्या संशोधनात दिसलं, की बल्गेरिकस आपल्या आतड्यात कायमची वस्ती करतच नाही. पाहुण्यासारखा येतो आणि जातो.

तरीही त्या पाहुण्याचा एक उपयोग पक्का आहे. लहानपणी दूध पचवणारं लॅक्टेज नावाचं विकर आपल्या आतड्यात भरपूर असतं. मोठेपणी आपल्याकडे अनेकांचं ते कमी होतं. मग कपभर दूध प्यायलं की पोट फुगतं, गुडगुडतं, कधी जुलाबही होतात. अशा माणसाला दही मात्र सोसतं. कारण काही लॅक्टोज जिवाणूंनी आधीच संपवलेलं असतं आणि उरलेलं पचवायला हे जिवाणू पोटात गेल्यावरही मदत करतात. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० साली जिवंत दह्याबद्दलचा हा दावा मान्य केला. 'प्रोबायोटिक' म्हणून पुढे आलेले इतर बहुतेक दावे मात्र त्यांनी पुराव्याअभावी फेटाळले. म्हणून 'मला दूध पचत नाही' म्हणत कॅल्शियमला मुकणाऱ्या चाळिशीच्या मैत्रिणींना माझं आग्रहाचं सांगणं आहे, दूध राहू द्या, वाटीभर दही घेऊन बघा. आपल्यातल्या शाकाहारी बायकांना तर बी-१२ साठीही दूध-दह्याचाच काय तो आधार.

आता त्या छोट्या बाटलीबद्दल. पुरेशा प्रमाणात घेतल्यावर आरोग्याला फायदा करून देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली केली. आपल्याकडेही आयसीएमआरने २०११ साली याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्यानबाची मेख अशी, की फायदा सिद्ध व्हावा लागतो तो त्या त्या विशिष्ट वाणाचा, ठरावीक मात्रेत. आपल्या घरच्या दह्यात कोणता वाण किती, हे कुणीच मोजलेलं नाही. त्यामुळे 'घरचं दही म्हणजे नैसर्गिक प्रोबायोटिक' हे वाक्य ऐकायला छान असलं तरी काटेकोर नाही. पण म्हणून बाटलीच आणावी, असंही नाही. निरोगी मुलाला तिची काही गरज नसते. आणायचीच असेल तर त्यात साखर किती, ते आधी वाचा. महिनाभर रोज बाटली घ्यायला जे पैसे लागतात, त्यात आमच्या वस्तीतल्या घरात केवढंतरी दूध, डाळ आणि अंडी येतील.

जुलाबाचं आधी सांगितलं, तेवढं मात्र मैत्रिणींनो, नीट लक्षात ठेवा. जुलाबात जीव जातो तो अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. तेव्हा पहिलं औषध ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे मिळतात. झिंक १४ दिवस द्यायचं, जुलाब थांबले तरीही. अंगावरचं दूध थांबवायचं नाही. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला नेहमीचं मऊ अन्न चालू ठेवायचं आणि त्यात दही-भात अगदी उत्तम. जुलाब १४ दिवसांहून जास्त रेंगाळले, तर वरच्या दुधाऐवजी दही द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. म्हणजे दही हवंच, पण ओआरएसच्या जोडीला. त्याच्या जागी नव्हे. आणि ताक केलंत तर त्यातलं पाणी कुठलं, हे बघा. आंबट आहे म्हणून घाण पाणी शुद्ध होत नाही. बाळ पाणी पिईना, लघवी होईना, डोळे खोल गेले, शौचात रक्त दिसलं, तर घरगुती काही करत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

आणखी एक गोष्ट गरोदर बायकांसाठी. लोहाची गोळी कडू लागते म्हणून कित्येकजणी ती ताकाच्या घोटाबरोबर घेतात. दह्या-दुधातल्या कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, ताक दोन तासांनी. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशा काही अँटिबायोटिक्सनाही हाच नियम आहे. चिठ्ठी घेतानाच डॉक्टरांना विचारून ठेवलेलं बरं.

बाळंतिणीला दही चालतं. ताजं, फ्रिजमधून थेट न काढलेलं. सर्दी विषाणूंमुळे होते, दह्यामुळे नव्हे. रात्री दही खाऊ नये, असं आयुर्वेद सांगतो, तिथे ताकाला मान जास्त. ज्याला रात्री सोसत नाही त्याने दुपारी खावं, वाद कशाला?

आता स्वयंपाकघरात येऊ. दही न लागण्याच्या तक्रारीत दहातल्या आठ वेळा चूक तापमानाची असते. दूध एकदा चांगलं उकळायचं आणि करंगळी बुडवून सोसवेल इतकं कोमट होऊ द्यायचं. साधारण ४० अंश. कडकडीत दुधात जिवाणू मरतात, गार दुधात ते पेंगतात. अर्ध्या लिटरला एक लहान चमचा विरजण पुरतं. जास्त घातलं तर दही लवकर लागतं, पण आंबटढोण होतं आणि पाणी सोडतं. विरजण नीट घुसळून दुधात मिसळायचं आणि मग भांडं हलवायचं नाही. थंडीत ते कणकेच्या डब्यात ठेवा किंवा शालीत गुंडाळा. मातीच्या बोळक्यात दही घट्ट होतं, कारण माती जास्तीचं पाणी शोषून घेते. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत मात्र दही-ताक ठेवायचं नाही, आंबटपणाने धातू त्यात उतरतो. सगळं व्यवस्थित करूनही दही लागत नसेल तर दुधावर संशय घ्या. दूध नासू नये म्हणून सोडा घातलेला असेल किंवा गाई-म्हशीला दिलेल्या अँटिबायोटिकचा अंश उतरलेला असेल, तर विरजण हटून बसतं. दूधवाल्याला जाब विचारायला हे कारण पुरेसं आहे!

विरजणच संपलं तर? हिरव्या मिरच्यांची चार-पाच देठं धुऊन कोमट दुधात टाका. देठांवर लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू असतात. पहिलं दही पातळ आणि जरा विचित्र वासाचं होतं. ते खायचं नाही, त्याच्या चमचाभराने दुसरं लावायचं. २०२० च्या टाळेबंदीत ही युक्ती आमच्या अख्ख्या इमारतीला उपयोगी पडली. दह्यावर हिरवी, गुलाबी बुरशी दिसली तर मात्र वरचं काढून खालचं खायचं नाही. सगळंच टाकायचं.

आंबट झालेलं दही टाकणं हा आमच्या पिढीला अपराध वाटतो, आणि वाटावाच. चाकवताची ताकातली भाजी, कढी, नाचणीची आंबील, दह्यातल्या सांडगी मिरच्या, ही सगळी आंबट दह्याचीच लेकरं. माझी लाडकी मात्र तांदळाची उकड. एक वाटी तांदळाचं पीठ, दोन वाट्या आंबट ताक आणि एक वाटी पाणी, गुठळी न होता कालवायचं. तेलात मोहरी, हिंग, हळद, ठेचलेला लसूण, मिरच्या आणि भरपूर कढीपत्ता घालून फोडणी करायची. मीठ घालून कालवलेलं पीठ त्यात ओतायचं आणि हात न थांबवता ढवळायचं. घट्ट होऊन चकाकी आली की झाकण ठेवून दोन वाफा. ताटलीत घेऊन मध्ये खळगा करायचा, त्यात कच्चं तेल. शिजवल्यावर जिवंत जिवाणू काही उरत नाहीत, कढीतही नाही. पण प्रथिनं, कॅल्शियम आणि चव राहतेच ना! श्रीखंडासाठी चक्का बांधल्यावर खाली निघणारं पाणीही थालीपिठाच्या पिठात घाला, मोरीत नको.

गावाला जाताना छोटी वाटी विरजण फ्रीजरमध्ये ठेवलं तर पंधरवडाभर सहज टिकतं. आमच्या नात्यातली एक मुलगी लग्न होऊन न्यू जर्सीला निघाली, तेव्हा तिच्या आजीने वेगळीच शक्कल लढवली होती. स्वच्छ सुती रुमाल दह्यात भिजवून सावलीत खडखडीत वाळवला आणि घडी करून बॅगेत दिला. तिकडे कोमट दुधात रुमालाचा तुकडा टाकला. पहिलं दही पाणचट, तिसऱ्या खेपेला कवडी पडलेलं! आपल्याकडे दिवेलागणीनंतर कुणाला विरजण देत नाहीत. तिच्याकडून मात्र शेजारची गुजराती बाई ऑफिसातून आल्यावर, रात्री आठ वाजता, हक्काने विरजण घेऊन जाते.