ढकलगाडीला चाक कोणते? छापील आकडा फसवा ठरू शकतो

नांदे (ता. मुळशी) : सकाळी सातच्या सुमारास येथील एखाद्या नव्या गृहसंकुलात उभे राहिले, की कचऱ्याचा डबा दिसण्याआधी ऐकू येतो. पेव्हर ब्लॉकच्या प्रत्येक सांध्यावर त्याची चाके खडखडतात आणि मागून तो ढकलणारा कर्मचारी खांदा लावून येतो. शेजारची सूस आणि म्हाळुंगे ही गावे 2021मध्ये पुणे महापालिकेत गेली. नांदे गावठाणाभोवतीही आता शेतांच्या जागी इमारती उभ्या आहेत. काँक्रीटचे रस्ते, पेव्हर ब्लॉकचे चौक आणि तळघराचे उतार यांवरून रोज कचऱ्याचे डबे, पाण्याचे जार, गॅस सिलिंडर आणि बांधकामाचे साहित्य वाहिले जाते. या साऱ्याचा भार चार छोट्या चाकांवर असतो. त्या चाकांची निवड मात्र बहुधा दुकानदारावर सोडली जाते.

फिरत्या फोर्कमध्ये बसवलेल्या या चाकाला बाजारात 'कॅस्टर' म्हणतात. जुने चाक फुटले, की कोणीतरी ते घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जातो आणि परत येताना पांढरे नायलॉनचे चाक आणतो. कारण सोपे आहे. त्याच मापाच्या रबरी चाकापेक्षा नायलॉनच्या चाकावर भारक्षमतेचा आकडा मोठा छापलेला असतो. तो आकडा खोटा नाही. कडक चाक दबत नाही, त्यामुळे ते अधिक वजन पेलते. पण चाक किती वजन पेलू शकेल, एवढेच तो आकडा सांगतो. गाडी ढकलताना माणसाला किती जोर लागेल, हे सांगत नाही.

गुळगुळीत फरशीवर कडक चाक हलके चालते, यात वाद नाही. कारखान्याच्या आत किंवा गोदामात नायलॉन योग्यच. बाहेर मात्र गणित उलटते. कडक चाकाखाली खडीचा कण आला, तर तो दबत नाही आणि चाकही दबत नाही. मग गाडीचा भारच त्या कणावर उचलावा लागतो. रबर तो कण पोटात घेते आणि पुढे जाते. शिवाय नायलॉन पाणी शोषते. नायलॉन-6 पाण्यात राहिल्यास वजनाच्या सुमारे 9 टक्क्यांपर्यंत पाणी घेऊन फुगते. आसाचे छिद्र आवळले जाते आणि पावसाळ्यात चाक जड फिरू लागते.

पदार्थाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, चाकाचा व्यास महत्त्वाचा. एका चाकावर 50 किलो भार आहे आणि वाटेत 10 मिलिमीटर उंचीची कड आहे, असे समजा. थांबलेल्या अवस्थेतून कडक चाक त्यावर चढवण्यास 75 मि.मी. व्यास असेल तर सुमारे 46 किलोइतका आडवा जोर लागतो. 100 मि.मी.ला तो 38च्या आसपास, तर 200 मि.मी.ला 24वर येतो. भाजीविक्रेत्यांच्या हातगाडीला सायकलसारखी मोठी चाके का असतात, याचे उत्तर येथेच मिळते. कोणतेही पुस्तक न वाचता त्यांनी हे फार पूर्वी ओळखले आहे! कचऱ्याच्या मोठ्या चारचाकी डब्यांना कारखान्यातून बहुधा 200 मि.मी.ची भरीव रबरी चाके येतात, तीही याच कारणाने. दुरुस्तीत ती जाऊन 100 मि.मी.ची आली, की ढकलणाऱ्याच्या कमरेला ते लगेच कळते.

रबर घ्यायचे तर काळे घ्यावे. त्यातील कार्बन ब्लॅक सूर्याचे अतिनील किरण अडवते. फरशीवर डाग पडू नयेत म्हणून बनवलेले करड्या रंगाचे रबर रुग्णालयाच्या व्हरांड्यात शोभते, भर उन्हात नव्हे. रबराचे दोषही आहेत. तेल आणि डिझेलने ते फुगते आणि भरलेली गाडी आठवडेच्या आठवडे एकाच जागी उभी राहिली, तर चाक एका बाजूने चपटे होते. हवा भरलेले चाक खडबडीत जमिनीवर सर्वांत सुखाचे. पण ज्या संकुलात पंक्चर काढायला कोणी मोकळा नसतो, तेथे ते लवकरच कोपऱ्यात पडते.

मधला मार्ग म्हणून पॉलियुरेथेनचे, म्हणजे 'पीयू'चे चाक सुचवले जाते. जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1937मध्ये या पदार्थाचा शोध लावला. 1970च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत फ्रँक नॅसवर्दी यांनी स्केटबोर्डला पीयूची चाके लावली आणि काँक्रीटवर घसरणारी, दणके देणारी मातीची चाके मागे पडली. पीयू झिजण्यास चिवट आहे आणि रबरापेक्षा जास्त भार घेते. मात्र त्यातही दोन जाती आहेत, हे दुकानात क्वचितच सांगितले जाते. पॉलिएस्टर जातीचे पीयू दमट उष्णतेत पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने हळूहळू तुटते. त्याला भेगा पडतात, तुकडे गळतात. पॉलिइथर जात ओलाव्याला अधिक टिकते. ताम्हिणीइतका पाऊस नांदे परिसरात पडत नसला, तरी चार महिने ओल असतेच. तेव्हा पीयू घेताना 'पॉलिइथर आहे का', हे जरूर विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर काळे रबर बरे.

ओतीव लोखंडाचे चाक फरशी फोडते आणि गंजते. साध्या पॉलिप्रॉपिलीनचे उन्हाने ठिसूळ होते.

भार मोजताना चारने नव्हे, तीनने भागावे. असमान जमिनीवर एक चाक बहुधा अधांतरी असते. भरलेल्या गाडीचे वजन 300 किलो असेल, तर प्रत्येक चाक 75 नव्हे, 100 किलोचे हवे. बेअरिंग बंदिस्त असावे, कारण डबे पाण्याच्या फवाऱ्याने धुतले जातात. तळघराचा उतार चढायचा असेल, तर दोन चाके स्थिर व दोन फिरती ठेवावीत. चारही फिरती असली, की गाडी आडव्या उतारावर भरकटते. ब्रेकची दोन चाके तर हवीतच.

एकच चाक बदलू नये. नव्या चाकाची उंची जुन्यांशी जुळली नाही, तर गाडी कायम डुगडुगते. दुकानात जाताना वरच्या पट्टीच्या छिद्रांमधील अंतर, बोल्टचा व्यास आणि जमिनीपासून पट्टीपर्यंतची उंची ही मापे कागदावर लिहून न्यावीत. कागद हरवण्याची भीती असेल, तर जुने चाकच सोबत घ्यावे.