शिबिर कुणी चालवावं?

गेल्या उन्हाळ्यात एका कारखान्याचे अधिकारी घरी आले. कारखान्याचं नाव सांगत नाही. चंद्रपुरात कारखाने का कमी आहेत? ताडोब्याकडच्या एका रिसॉर्टात त्यांच्या वरिष्ठ साहेब लोकांचं दोन दिवसांचं नेतृत्व शिबिर होतं. ते चालवायला माणूस हवा होता. त्यांच्या मनात तीन नावं होती : पुण्याचे एक गाजलेले वक्ते, त्यांचेच मोठे साहेब, आणि तिसरा मी. चहा संपेपर्यंत मी तिन्ही नावं खोडली.

मुशायऱ्यात सदर वेगळा असतो आणि नाझिम वेगळा. सदर मानाचा, तो शेवटी वाचतो. नाझिम कुणाला कधी बोलवायचं ते बघतो. नवख्याला कुणानंतर उभं केलं तर तो पडणार नाही, हे ज्याला कळतं तो खरा नाझिम. एका कविसंमेलनात सूत्रसंचालकांनी दर कवीआधी स्वतःच्याच ओळी ऐकवल्या. माझी पाळी आली रात्री दीडला. समोर सतरंज्या गुंडाळणारे दोघे उरले होते. दाद मात्र त्यांनी मनापासून दिली!

आता आपल्या गडचिरोलीचंच बघा. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचं गाव. तिथली ग्रामसभा हात वर करून मतं मोजत नाही, निर्णय सर्वसहमतीनं होतो. पण त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो तिथला अभ्यासगट. त्यात बाहेरचा जाणकारही येऊन बसतो, माहिती देतो, वाद घालतो. निर्णय मात्र तिथे होत नाही. तो ग्रामसभेत, गावकऱ्यांनीच घ्यायचा. चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल वर्षानुवर्षं त्या गावासोबत होते, ते मित्र म्हणून. गावाच्या वतीनं त्यांनी ठरवलं नाही, बोलायला देवाजी तोफा आणि गावकरी होतेच. सुमारे 1800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क 2009 मध्ये गावाला मिळाला, आणि एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. मोहनभाऊ जानेवारी 2025 मध्ये गेले.

कारखाना म्हणजे ग्रामसभा नव्हे, हे मलाही कळतं. तिथे शेवटचा शब्द साहेबांचाच. पण म्हणूनच त्यांनी सूत्रं धरू नयेत. ज्याच्या हातात बढती, त्याच्यासमोर माणूस आधी चेहरा वाचतो, मग बोलतो. आणि या कारखान्यात बोलण्याची गरज होती. एका अपघातानंतर दोन खात्यांचं बोलणं बंद होतं. पट्टा वेळेवर का थांबला नाही, यावर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवत होते. वक्ते छान बोलले असते, टाळ्याही पडल्या असत्या, पण पट्ट्याचा विषय निघाला नसता. आणि मी? मला माझाच आवाज फार आवडतो.

“मग निवडायचा कसा?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्याला तीन गोष्टी विचारा. शिबिराआधी आमच्यापैकी किती जणांना एकेकटं भेटाल? मोठे साहेबच बोलत सुटले तर काय कराल? तुम्हाला सांगितलेलं साहेबांच्या कानावर जाणार की नाही? पहिल्या प्रश्नावर जो आपली ठरलेली चित्रफीत दाखवायला काढेल, त्याला नमस्कार करून निरोप द्या. आणि साहेबांनाही आधीच विचारून घ्या, की शिबिरात निघेल त्यातलं काय ते खरंच करणार आहेत. नुसतं बोलून घ्यायचं असेल तर ताडोब्यात वाघ बघावा, खर्च वाचेल.

पावसाळा लागल्यावर त्यांचा फोन आला. नागपूरच्या एका बाई निवडल्या होत्या. त्यांनी शिबिराआधी पाळीवरच्या फोरमन लोकांना भेटू द्या म्हटलं, तेव्हा साहेबांच्या कपाळावर आठी पडली होती.

“आणि शिबिरात?”

“पहिल्या दिवशी जेवणापर्यंत साहेबांना बोलायची पाळीच आली नाही,” ते म्हणाले. “पट्ट्याचं निघालं. दोन तास चाललं.”