फ्रीजरमधला बर्फ म्हणजे थंडी नव्हे! डीफ्रॉस्ट कसं चालतं आणि त्याचं सेटिंग कसं करायचं?

धाराशिव : श्रावण लागला की भूम, वाशी भागातल्या खवा भट्ट्या जोरात सुरू होतात. मग गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी. कुंथलगिरीच्या पेढ्यामुळं आपल्या भागाचं नाव लांबवर गेलंय, खव्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण खवा हा नाजूक माल. बाहेर ठेवला तर दोन-चार दिवसांत आंबतो, बुरशी धरतो. म्हणून आता कितीतरी भट्टीवाल्यांकडं आणि हायवेवरच्या पेढेवाल्यांकडं डीप फ्रीजर आलेत, काहींनी छोटी कोल्ड रूमही केलीय.

आणि नेमकी याच दिवसांत एक तक्रार कानावर येते. "फ्रीजर चोवीस तास चालू आहे, आत बर्फच बर्फ आहे, तरी माल मऊ पडतोय आणि बिल वाढलंय." मेकॅनिकला बोलावलं की बऱ्याचदा गॅस भरायचीच गोष्ट निघते. गॅस कमी असूही शकतो. पण त्याआधी एक साधी गोष्ट बघायला पाहिजे, ती म्हणजे डीफ्रॉस्ट. साचलेला बर्फ वितळवून बाहेर काढायची व्यवस्था. ती बिघडली किंवा तिचं सेटिंग चुकलं की चांगली मशीनही नापास होते.

बर्फ येतो कुठून?

फ्रीजरच्या आत कॉइल असते. तिच्यातून थंड गॅस फिरतो. उणे १८ अंशाच्या खोलीत कॉइल त्याहून पाच-सात अंश जास्त थंड असते. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते. हवेतली वाफ त्या गार कॉइलला चिकटते आणि तिथंच गोठते. थंडीत पहाटे गवतावर दव पडतं ना, तसंच. फक्त इथं दवाचा बर्फ होतो.

म्हणजे कॉइलवरचा बर्फ हा मशीननं तयार केलेला माल नव्हे, तो बाहेरून आलेला ओलावा आहे. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडं ऊन कडक पण हवा कोरडी, तेव्हा बर्फ त्या मानानं हळू धरतो. पावसाळ्यात हवा दमट. त्यात सणाची गर्दी, दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं. मालही ठासून भरलेला. म्हणून सगळ्यात जास्त बर्फ नेमका आपल्या धंद्याच्या दिवसांतच साचतो.

दुसरं कारण आपल्याच हातात आहे. भट्टीवरून उतरलेला कोमट खवा तसाच आत ठेवला तर त्याची वाफ सरळ कॉइलवर जाऊन बसते. खवा आधी पूर्ण गार करून, प्लास्टिकमध्ये हवाबंद बांधूनच आत ठेवावा.

बर्फ साचला की गारवा का कमी होतो?

कॉइलवर बसणारा बर्फ भुसभुशीत असतो. त्यात हवा अडकलेली असते. अशा बर्फाचा थर म्हणजे कॉइलवर घातलेली गोधडीच. आतली थंडी बाहेर येत नाही. कोल्ड रूममध्ये तर आणखी अडचण. तिथं फॅन कॉइलच्या पट्ट्यांमधून हवा ढकलतो. पट्ट्यांमधल्या फटी बर्फानं बुजल्या की हवाच जात नाही. फॅन फिरतो, कॉम्प्रेसर धावतो, मीटर पळतं, पण माल गार होत नाही.

डीफ्रॉस्टचे चार प्रकार

१. हाताने : पेटीसारख्या, वर झाकण असलेल्या बऱ्याच डीप फ्रीजरमध्ये कॉइल भिंतीच्या आत असते आणि बर्फ भिंतीवर साचतो. आपोआप काही होत नाही. थर अर्धा सेंटीमीटरच्या वर गेला की मशीन बंद करून बर्फ काढायचा.

२. बटणाचा : घरच्या साध्या एका दाराच्या फ्रीजमध्ये थर्मोस्टॅटच्या मधे बटण असतं. दाबलं की कॉम्प्रेसर थांबतो, बर्फ वितळला की बटण आपोआप बाहेर येतं.

३. नुसत्या हवेने : खोलीचं तापमान चार-पाच अंशाच्या वर असेल तर कॉम्प्रेसर थोडा वेळ थांबवून फक्त फॅन चालू ठेवला तरी बर्फ वितळतो. हीटर लागत नाही.

४. हीटरचा : उणे तापमानाच्या कोल्ड रूममध्ये आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये कॉइलला हीटर लावलेला असतो. ठरलेल्या वेळी कॉम्प्रेसर आणि फॅन बंद होतो, हीटर चालू होतो, बर्फाचं पाणी होऊन ड्रेन पाईपमधून बाहेर जातं. मोठ्या प्लँटमध्ये हीटरऐवजी कॉम्प्रेसरचा गरम गॅसच कॉइलमध्ये सोडतात.

द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये खोली शून्य ते एक अंशावर ठेवतात, म्हणजे कॉइल शून्याच्या खालीच. तिथंही डीफ्रॉस्टशिवाय भागत नाही. शिवाय ओलावा कॉइलवर जास्त ओढला गेला तर घडाचे देठ सुकतात, म्हणून तिथं सेटिंग आणखी जपून करावं लागतं.

कंट्रोलरवरचे पाच आकडे

कोल्ड रूमच्या बाहेर छोटा डिजिटल कंट्रोलर असतो. त्यात डीफ्रॉस्टच्या पाच गोष्टी ठरवता येतात. आकडे मशीनप्रमाणं बदलतात, पण उणे १८ अंशाच्या खोलीला सुरुवात साधारण अशी करतात :

● किती तासांनी : ६ तास, म्हणजे दिवसातून चार वेळा.
● जास्तीत जास्त किती मिनिटं : ३०.
● किती अंशावर थांबायचं : कॉइलवरचा सेन्सर १० अंशाच्या आसपास पोचला की हीटर बंद.
● निथळायला वेळ : २ ते ३ मिनिटं. यात हीटरही बंद, कॉम्प्रेसरही बंद.
● फॅन उशिरा सुरू : कॉइल पुन्हा गार झाल्यावरच फॅन सुरू होतो. नाहीतर उरलेली वाफ आणि पाणी मालावर उडतं.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिसरी. डीफ्रॉस्ट तापमानावर संपलं पाहिजे, घड्याळावर नव्हे. मिनिटांचा आकडा फक्त राखणीला आहे. सेन्सर खराब झाला तर हीटर जळत राहू नये म्हणून. रोज पूर्ण ३० मिनिटं होऊनच हीटर बंद होत असेल तर समजा कुठंतरी गडबड आहे. एखादा हीटर जळालाय, सेन्सर जागचा सरकलाय, नाहीतर बर्फ फारच साचलाय.

जास्त डीफ्रॉस्ट केलं तर काय बिघडतं?

बिल बिघडतं. हिशोब बघा. एक किलो बर्फ वितळायला साधारण एक दशांश युनिटच्या आत वीज पुरते. कॉइलवर तीन किलो बर्फ असेल तर पाव-तीस पॉइंट युनिटाचं काम. पण दीड हजार वॉटचा हीटर अर्धा तास चालला तर पाऊण युनिट जातं. उरलेली उष्णता कॉइलच्या धातूत आणि खोलीत शिरते. मग तीच उष्णता बाहेर काढायला कॉम्प्रेसर पुन्हा राबतो. म्हणजे आपणच गरम करायचं आणि आपणच गार करायचं.

चाराऐवजी आठ वेळा डीफ्रॉस्ट लावलं तर नुसत्या हीटरचे रोज तीन युनिट जादा, महिन्याला नव्वद. कॉम्प्रेसरची वीज वेगळीच.

सेटिंग जुळवायचं कसं?

आधी जुन्या आकड्यांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मग दोन वेळा कॉइल बघा. डीफ्रॉस्ट सुरू व्हायच्या थोडं आधी आणि संपल्यावर लगेच.

● आधी पातळ पांढरा थर, नंतर कॉइल स्वच्छ : सेटिंग बरोबर. हात लावू नका.
● आधी बर्फ जवळजवळ नाहीच : अंतर एक-दोन तासांनी वाढवा.
● आधी फटी बुजलेल्या, नंतर स्वच्छ : अंतर कमी करा. पावसाळ्यात हे करावं लागतं, उन्हाळ्यात पुन्हा वाढवता येतं.
● नंतरही बर्फ शिल्लक : आकडे बदलायच्या आधी हीटर, सेन्सर आणि ड्रेन तपासून घ्या. सेन्सर हीटरजवळ असेल तर तो लवकर गरम होतो आणि डीफ्रॉस्ट अर्ध्यावर थांबतं. जिथला बर्फ शेवटी वितळतो तिथं सेन्सर पाहिजे.
● कॉइलच्या एकाच भागावर बर्फ, बाकी कोरडी : इथं मात्र गॅस कमी असल्याचा संशय घ्यायला जागा आहे. मेकॅनिकला दाखवा.

एका वेळी एकच आकडा बदला आणि दोन दिवस थांबा. तीन आकडे एकदम फिरवले तर कशानं फरक पडला ते कळत नाही.

लाईट गेली तर?

ही गोष्ट शहरापेक्षा आपल्याला जास्त लागू पडते. जुन्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये काट्याचा टायमर असतो. लाईट गेली की तो तिथंच थांबतो, आली की पुढं चालू. पण काही डिजिटल कंट्रोलर लाईट आली की मोजणी पुन्हा शून्यापासून करतात. सहा तासांचं सेटिंग आणि दर चार-पाच तासांनी लाईट जात असेल तर डीफ्रॉस्टची पाळीच येत नाही. बर्फ साचत जातो आणि कारण सापडत नाही. बऱ्याच कंट्रोलरमध्ये लाईट आल्यावर आधी डीफ्रॉस्ट करायचं सेटिंग असतं, शिवाय हातानं डीफ्रॉस्ट सुरू करायचं बटणही असतं. मशीन बसवणाऱ्याकडून ही दोन्ही बटणं समजून घ्या.

थंड देशांत हेच यंत्र उलटं

युरोप-अमेरिकेत घर गरम ठेवायला हीट पंप वापरतात. तो म्हणजे उलटा चालवलेला एसीच. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरात आणतो. त्यामुळं थंडीत त्याची बाहेरची कॉइल गार पडते. बाहेर पाच अंशाच्या आसपास किंवा खाली तापमान गेलं आणि हवा दमट असली की तिच्यावर बर्फ धरतो. मग एक व्हॉल्व्ह फिरतो, गरम गॅस काही मिनिटं बाहेरच्या कॉइलकडं जातो, बर्फ वितळतो, वाफेचा लोट निघतो. तिकडं कुणी मुलं-पाव्हणे असतील तर ते सांगतील, पहिल्यांदा बघणाऱ्याला मशीन पेटलं की काय असं वाटतं. साध्या हीट पंपात ३०, ६० किंवा ९० मिनिटांचं अंतर निवडता येतं. नवीन मशीन कॉइल आणि हवेच्या तापमानातला फरक बघून, गरज असेल तेव्हाच बर्फ वितळवते. आपल्याकडं आता गरम-गार दोन्ही करणारे एसी मिळतात, त्यांचंही तंत्र हेच. पण आपल्या जिल्ह्यात पारा क्वचितच एवढा उतरतो, म्हणून ते दिसत नाही.

हे कधीच करू नका

● चाकू, स्क्रू-ड्रायव्हर, विळ्यानं बर्फ खरवडू नका. कॉइलला भोक पडलं की दुरुस्तीचा मोठा खर्च. बऱ्याच नव्या फ्रीजमध्ये पेट घेणारा गॅस असतो, म्हणून जवळ शेगडी, दिवाही नको.
● पेटी फ्रीजरचा बर्फ काढायला प्लग काढा, माल थर्माकोलच्या पेटीत हलवा, झाकण उघडं ठेवून आत कोमट पाण्याचं पातेलं ठेवा. कोरड्या फडक्यानं पुसून मशीन चालू करा. नीट गार झाल्यावरच माल भरा.
● हीटरचा सेफ्टी कट-आऊट काढून वायर "डायरेक्ट" करून घेऊ नका. आग लागायची शक्यता तिथंच असते.
● हीटर, वायरला हात लावायच्या आधी एमसीबी बंद.
● ड्रेन पाईप तुंबू देऊ नका. पाणी आत राहिलं की तेच पुन्हा गोठतं.

शेवटी सोपी तपासणी. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर रबर सैल आहे. तिथून ओलावा रात्रंदिवस आत जातोय. आधी ते रबर बदला, मग कंट्रोलरचे आकडे. आणि हे काम श्रावण लागायच्या आधीच उरकून घ्या, कारण एकदा सीझन सुरू झाला की फ्रीजर रिकामा करायला सवड मिळत नाही.