आधी विचारणा, मग आराखडा

नगर केवळ घरांच्या राशीने होत नाही. लोकांचे येणेजाणे, देवघेव आणि भेटीगाठी जेथे एकवटतात, तेथे नगराचे हृदय असते. डोंबिवलीचे हृदय तिच्या रेल्वे स्थानकाभोवती आहे. सकाळी कामावर निघालेली आणि सायंकाळी भाजीची पिशवी घेऊन परतणारी सारी डोंबिवली याच चार रस्त्यांवरून जाते. दिवाळीच्या पहाटे तरुण मंडळी फडके रोडवर लोटतात. गुढीपाडव्याच्या ज्या स्वागतयात्रेचे अनुकरण पुढे गावोगाव झाले, तीही १९९९ साली याच गावी निघाली. अशा या मध्यभागाची पुढील वीस वर्षांतील वाढ कोणाला विचारून ठरणार, हा आमच्या मते शहरापुढील आजचा सर्वांत निकडीचा प्रश्न होय.

२०११ च्या शिरगणतीत कल्याण-डोंबिवलीची वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास भरली. स्थानकालगतच्या तीन-चार मजली जुन्या इमारती आता पाडून उंच बांधल्या जात आहेत. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने या पुनर्बांधणीस पूर्वीपेक्षा अधिक वाव दिला आहे. जुन्या घरांत जीव मुठीत धरून राहणाऱ्यांस चांगले घर मिळावे, याबद्दल दुमत नाही. परंतु इमारतीची उंची वाढते तसा समोरचा रस्ता रुंदावत नाही, गटार मोठे होत नाही आणि स्थानकाचा जिनाही लांबत नाही. एकेका इमारतीचा हिशेब नियमात बसतो. साऱ्यांची बेरीज मात्र कोणीच करीत नाही. पूर्व-पश्चिम जोडणारा कोपरचा उड्डाणपूल २०१९ साली धोकादायक म्हणून बंद झाला आणि २०२१ साली नव्याने खुला झाला. मधल्या काळात वाहतुकीचा सारा भार ठाकुर्लीच्या पुलावर पडला. एक पूल गेला की गावाचे दोन तुकडे होतात, हा धडा नागरिकांनी तेव्हा रोजच्या खोळंब्यातून घेतला.

लोकांना विचारण्याची तरतूद कायद्यात नाही काय? आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांस हरकती व सूचना मांडता येतात. त्यासाठी सामान्यतः ३० दिवसांची मुदत असते. पुढे नियोजन समिती सुनावणी घेते. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले चारपर्यंत जाणकार असावेत, असा दंडक आहे. पण प्रश्न वेळेचा आहे. नकाशा काढून झाल्यावर लोकांस विचारणे म्हणजे भिंती उभ्या राहिल्यावर दार कोठे हवे, असे घरधन्यास विचारण्यासारखे आहे.

याचे प्रत्यंतर मुंबईने दिले. तेथील २०१४ ते २०३४ या काळाचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातील ढोबळ चुका नागरिकांनी एकामागून एक दाखवून दिल्या. हरकतींचा असा पाऊस पडला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो नव्याने करण्याचा आदेश द्यावा लागला. सुधारलेला आराखडा २०१६ साली आला, आणि मंजुरी मिळण्यास २०१८ साल उजाडले. विचारण्यात वेळ जातो, ही अधिकाऱ्यांची नेहमीची तक्रार. न विचारल्याने किती वर्षे जातात, याचा हिशेब मात्र मांडला जात नाही.

१९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापक म्हणून आलेले पॅट्रिक गेडीस यांनी शतकापूर्वीच सांगून ठेवले आहे की, वैद्य जसा आधी नाडी पाहतो तशी नगररचनाकाराने आधी नगराची पाहणी करावी. ही पाहणी यंत्राने काढलेल्या छायाचित्रांवर पुरी होत नाही. कोणत्या वळणावर पावसाळ्यात पाणी साचते, शाळेतील मुले रस्ता कोठे ओलांडतात, वृद्धांना टेकावयास कट्टा कोठे नाही, हे तेथे राहणाऱ्यांसच ठाऊक असते.

विचारणा सर्वांची व्हावी, हेही तितकेच महत्त्वाचे. सभेला येऊन बोलणारे बहुधा घरमालक आणि दुकानदार असतात. ज्याचे दुकान म्हणजे एक टोपली, त्याला कोण बोलावतो? २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांस मनाई केली. ही मर्यादा योग्यच आहे. परंतु १५० मीटरच्या पलीकडे त्यांनी बसावे कोठे, याचे उत्तर आराखड्यात नसेल, तर सकाळी उठविलेला फेरीवाला सायंकाळी त्याच जागी दिसणारच. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींस दिल्या आहेत. त्या समितीस नियोजनाच्या पहिल्याच बैठकीस बोलवावे.

लोकांचा आवाज क्षीण झाला की काय होते, हेही या शहराने पाहिले आहे. निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२० च्या अखेरीस संपली आणि पुढे पाच वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने बनावट परवानग्यांवर उभ्या राहिलेल्या डोंबिवली परिसरातील ६५ इमारती पाडण्याचा आदेश दिला. आयुष्याची पुंजी घालून तेथे घर घेतलेल्या कुटुंबांचा दोष एवढाच की, त्यांनी कागदावर विश्वास ठेवला. परवानगीचा प्रत्येक कागद आणि प्रत्येक आरक्षित भूखंड जर प्रभागात सर्वांच्या डोळ्यांसमोर टांगलेला असता, तर ही फसवणूक इतकी सोपी झाली असती काय?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. रेघ ओढण्यापूर्वी प्रभागवार सभा घ्याव्यात, आणि त्या नोकरदारांस येता येईल अशा रविवारी घ्याव्यात. नकाशा मराठीत, घराघराची खूण पटेल एवढ्या मोठ्या प्रमाणावर, स्थानकात आणि वाचनालयांत लावावा. प्रत्येक सूचनेस लेखी उत्तर द्यावे. नाकारली तर कारण सांगावे.

नागरिकांसही दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. आपल्या दारापुढील आरक्षण उठावे म्हणून अर्ज करणारे पुष्कळ असतात; गल्लीपलीकडच्या मैदानासाठी अर्ज करणारे विरळा. रस्ता रुंद हवा, पण माझे कुंपण मागे सरू नये, अशा वृत्तीने नगर उभे राहत नाही. अधिकाऱ्यांनी आधी विचारावे, हा आपला हक्क आहे. विचारल्यावर स्वतःच्या भूखंडापलीकडे पाहून उत्तर द्यावे, ही आपली जबाबदारी आहे. या दोन्ही गोष्टी घडल्या, तर आज धक्के खात चालणारा हा मध्यभाग पुढच्या पिढीस सुखाने चालता येईल.