तारप्याचा श्वास आणि विजेचा ढोल

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर लग्नसराई सुरू झाली की कुडाच्या घरापुढे घातलेल्या मांडवाशेजारी हल्ली एक टेम्पो येऊन उभा राहतो. त्याच्या हौद्यात ध्वनिक्षेपकाच्या पेट्यांची उतरंड रचलेली असते, आणि तिच्यापुढे एक कॅसिओ, एक ऑक्टोपॅड व ती वाजवणारे विशीतले दोन वारली तरुण. ऑक्टोपॅडच्या काळ्या रबरी चौकोनावर काडी पडते आणि मांडवभर ढोल घुमतो. कॅसिओची एक पट्टी दाबली जाते आणि तारपा बोलू लागतो. ढोलाचे कातडे नाही, तारप्याचा भोपळा नाही, आणि तरीही वऱ्हाडाचे पाय थिरकल्यावाचून राहत नाहीत.

हा नाद येतो कोठून, या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत, आणि ती दोन्ही १९८० या एकाच सालच्या दोन यंत्रांत सापडतात. जपानच्या रोलँड कंपनीने त्या वर्षी टीआर-८०८ हे तालयंत्र काढले, ज्यात एकाही खऱ्या वाद्याचा आवाज साठवलेला नव्हता, सारे नाद विजेतून घडवलेले होते. अमेरिकेत रॉजर लिन यांच्या एलएम-१ या यंत्राने नेमके उलट केले, खऱ्या तालवाद्यांचे ठोके ध्वनिमुद्रित करून आकड्यांच्या रूपाने चिपांत कोंडले. पहिल्या रीतीला ध्वनिसंश्लेषण म्हणावे; दुसरीला सगळे सॅम्पलिंग म्हणतात, तेच मीही म्हणतो.

ढोलावर थाप पडते त्या क्षणी कातडे किंचित अधिक ताणले जाते, म्हणून नाद थोडा चढा निघतो, लगेच उतरतो आणि विरत जातो. एवढे ज्याने कानाने टिपले त्याला संश्लेषणाचे अर्धे मर्म कळले. ८०८ मध्ये विजेचा एक क्षणिक धक्का एका अनुनादी मंडलाला बसतो, ते मंडल टोला दिलेल्या घंटेप्रमाणे सेकंदाला सुमारे ५० आंदोलनांनी घुमते आणि आपोआप शांत होते. हाच त्याचा मोठा ढोल. टाळीसाठी निव्वळ खरखर घेऊन तिचे तुकडे पाठोपाठ सोडले आहेत आणि अखेरीस एक लांबट शेपूट जोडले आहे, त्यामुळे एकाची नव्हे तर चारपाच जणांची, थोडी पुढेमागे पडलेली टाळी ऐकू येते. झांजेकरिता सहा बेसूर लहरी एकत्र करून गाळून घेतल्या आहेत. टाळीतली ती खरखर मुद्दाम निवडलेल्या सदोष ट्रान्झिस्टरांतून काढली जात असे. कारखाने सुधारले, तसले सदोष नग मिळेनासे झाले, आणि सुमारे १२,००० यंत्रांनंतर १९८३ मध्ये उत्पादन थांबले. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली याच यंत्राच्या साथीने दहा राग डिस्को ठेक्यावर बसवले होते. त्या कामाची थोरवी जगाला कळायला २०१० मधले पुनःप्रकाशन उजाडावे लागले.

तारप्यापाशी मात्र संश्लेषकाची विद्या अडखळते. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांत बांबूच्याच पातळ जिभा, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण, असे हे वाद्य. वादक गालांत हवा राखून नाकाने श्वास घेतो, म्हणून सूर क्षणभरही तुटत नाही. चालींना चाळे म्हणतात. चाळा बदलला की रिंगणाची पावले बदलतात, आणि नाचणारे तारप्याकडे पाठ करीत नाहीत. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांत भोवऱ्यासारखे उलगडणारे जे रिंगण जगाने पाहिले, त्याच्या मध्यभागी हाच श्वास आहे.

या सुराचा तुकडा पकडून तो अखंड फिरवायचा तर लहरीतील दोन समान बिंदू शोधून जोडावे लागतात. पण वादकाच्या फुंकीचा दाब सतत हेलावत असल्याने तुकडा लहान घेतला की यंत्राची एकसुरी धडधड उघडी पडते, आणि जाणकार म्हणूनच आठदहा सेकंदांचा दीर्घ तुकडा घेऊन त्याची टोके एकमेकांत विरघळवतात. हाच तुकडा निम्म्या गतीने फिरवला तर सूर एक सप्तक खाली उतरतो आणि भोपळ्याचा गुंजारव समुद्राच्या गाजेसारखा भासतो. ढोलाच्या खऱ्या ठोक्याखाली त्याच स्वराची संश्लेषित लहर घातली तर पेट्यांना खर्ज मिळतो आणि वर कातड्याचा स्पर्श शाबूत राहतो. मला या कारागिरीचे मनापासून कौतुक वाटते.

परंतु याच मुलखात, तलासरीजवळच्या झरी येथे, १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध आवाज उठवला, आणि मोबदला न देता घेतलेले श्रम म्हणजे वेठ, ही व्याख्या येथे कोणाला शिकवावी लागत नाही. पाड्यावर येऊन कोणी म्हाताऱ्या वादकाचा सूर टिपून नेला, त्यावर गाणे रचून विकले, आणि वादकाचे नावही दफ्तरी लावले नाही, तर ती श्वासाची वेठ होय, असे माझे स्पष्ट मत आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणून निर्मात्यालाच ओळखतो; वाजवणाऱ्याचा स्वतंत्र हक्क त्यात १९९४ च्या दुरुस्तीने आला, आणि तो बजावायला लागणारे कागदपत्र पाड्यावर सहसा कोणी करून ठेवीत नाही.

एका मांडवात, पंगती उठल्यावर, मी कॅसिओवाल्या मुलाला त्याच्या तारप्याचे मूळ विचारले. तो त्याच्या आजाचा होता. अंगणात बसवून मोबाइलवर टिपलेला. त्याने पट्टी दाबून धरली व मला कान जवळ आणायला सांगितले. सूर तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला पोचला तेव्हा त्याच्या तळाशी, फार लांबून, एक कोंबडा आरवला. तेवढा भाग कापून टाकणे सहज शक्य होते; त्याने तो तसाच ठेवला होता, आणि त्या रात्री ती पट्टी दाबून धरली की दर वेळी तो कोंबडा आरवत राहिला.