प्रतिस्पर्ध्याचा तारा आपल्या संघात घ्यावा का? संजू–जडेजा अदलाबदलीचा हिशेब आणि अमिरातीतला धडा

इंडियन प्रीमियर लीगच्या २०२६ च्या मोसमासाठी १६ डिसेंबर २०२५ रोजी अबुधाबीत लिलाव झाला. मात्र त्या वर्षीचा सर्वांत गाजलेला व्यवहार लिलावाच्या हातोड्याची वाट न पाहताच पार पडला. १५ नोव्हेंबरला चेन्नई सुपर किंग्जने रवींद्र जडेजा आणि सॅम करन हे दोन अष्टपैलू राजस्थान रॉयल्सच्या स्वाधीन केले आणि मोबदल्यात राजस्थानचा कर्णधार संजू सॅमसन मिळवला. तिरुवनंतपुरमच्या संजूचे चाहते अमिरातीत गल्लोगल्ली भेटतात. मराठी माणसाचे लक्ष मात्र चेन्नईचा कर्णधार, पुण्याचा ऋतुराज गायकवाड याच्याकडे आहे. बारा मोसम चेन्नईकडून खेळलेला आणि २०२३ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार व चौकार मारून विजेतेपद मिळवून देणारा जडेजा त्याला आता मिळणार नाही. हा सौदा शहाणपणाचा ठरेल का?

नियम काय सांगतो?

अदलाबदलीत खेळाडूची संमती अनिवार्य असते. त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला दुसऱ्या संघात धाडता येत नाही. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू देता येतो किंवा केवळ पैसे मोजूनही व्यवहार होतो. खेळाडूचे ठरलेले मानधन नव्या संघाच्या खर्चमर्यादेतून वजा होते. या व्यवहारात संजूचे १८ कोटी रुपये कायम राहिले, जडेजाचे मानधन १८ कोटींवरून १४ कोटींवर आले, तर करनचे २ कोटी ४० लाख तसेच राहिले. म्हणजे चेन्नईचे २ कोटी ४० लाख आणि राजस्थानचे १ कोटी ६० लाख रुपये मोकळे झाले. पैशाच्या दृष्टीने कोणीही लुटले गेलेले नाही. खरा हिशेब मैदानावरचा आहे.

नियमाबाहेर जाऊन संघ बदलू पाहणाऱ्यांना लीगने पूर्वी कठोर शिक्षाही केली आहे. राजस्थानशी करारबद्ध असताना दुसऱ्या संघाशी थेट बोलणी केल्याच्या कारणावरून एका तरुण खेळाडूला २०१० च्या संपूर्ण मोसमासाठी निलंबित करण्यात आले होते. तो खेळाडू रवींद्र जडेजाच. आज तो रीतसर मार्गाने त्याच राजस्थानकडे परतला आहे.

अमेरिकी बास्केटबॉलमध्ये, एनबीएमध्ये, बहुतेक खेळाडूंना असा नकाराधिकार नसतो. डॅलस मॅव्हरिक्सने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपला सर्वांत मोठा तारा लुका डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सला दिला आणि त्यांच्याकडून अँथनी डेव्हिस घेतला. डेव्हिस नव्या संघाकडून पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला. चाहत्यांचा रोष शमला नाही आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये संघाचे सरव्यवस्थापक निको हॅरिसन यांना पद गमवावे लागले. नाव मोठे असले म्हणजे व्यवहार फायद्याचा ठरतोच असे नाही.

दुबईत मिळालेले उत्तर

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अमिरातीतच घडले. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्ली कॅपिटल्सने न्यूझीलंडचा डावखुरा वेगवान गोलंदाज ट्रेंट बोल्ट मुंबई इंडियन्सला दिला. त्याच सुमारास दिल्लीने राजस्थानकडून अजिंक्य रहाणेला घेतले आणि त्याच्या बदल्यात दोन खेळाडू दिले. त्यांतला एक राहुल तेवतिया. त्या वेळी रहाणेचे नाव मोठे होते, तेवतियाचे फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

पुढे करोनामुळे २०२० चा संपूर्ण मोसम दुबई, अबुधाबी आणि शारजा येथे हलवावा लागला. २७ सप्टेंबरला शारजात पंजाबविरुद्ध २२४ धावांचा पाठलाग करताना आरंभी चाचपडणाऱ्या तेवतियाने शेल्डन कॉट्रेलच्या एका षटकात पाच षटकार ठोकले आणि सामना फिरवला. रहाणेला मात्र दिल्लीच्या भरगच्च फलंदाजीत जागा शोधावी लागली. ९ सामन्यांत त्याच्या ११३ धावा झाल्या.

पुढचा अध्याय दिल्लीसाठी अधिक कटू होता. ५ नोव्हेंबरच्या पात्रता सामन्यात बोल्टने पहिल्याच षटकात पृथ्वी शॉ आणि रहाणे यांना शून्यावर बाद केले. १० नोव्हेंबरला दुबईत अंतिम सामना झाला. त्याच्या पहिल्याच चेंडूवर बोल्टने मार्कस स्टॉइनिसला तंबूत धाडले आणि थोड्याच वेळात रहाणेलाही. ३० धावांत ३ बळी घेणारा बोल्ट सामनावीर ठरला आणि मुंबईने पाचवे विजेतेपद पटकावले. दिल्लीने आपल्या हाताने दिलेल्या गोलंदाजाने दिल्लीचे पहिले विजेतेपद हिरावले.

रहाणे वाईट फलंदाज होता, असा याचा अर्थ नाही. त्याच रहाणेला चेन्नईने २०२३ साठी लिलावात अवघ्या ५० लाखांना घेतले, मोकळेपणाने खेळण्याची भूमिका दिली आणि त्याने १७२ च्या गतीने ३२६ धावा करून विजेतेपदाला हातभार लावला. फरक माणसात नव्हता, जागेत होता. मुंबईला नव्या चेंडूचा गोलंदाज हवा होता, म्हणून बोल्ट फळला. दिल्लीकडे वरच्या फळीतली जागा रिकामी नव्हती, म्हणून रहाणे कोमेजला.

नेतृत्वाचा प्रश्न

मुंबईनेच पुढे याच्या उलट अनुभव घेतला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तिने गुजरात टायटन्सचा कर्णधार हार्दिक पंड्या १५ कोटींना परत आणला आणि त्यासाठी कॅमेरॉन ग्रीनला बंगळूरुकडे जाऊ दिले. अष्टपैलू म्हणून हार्दिकची गरज होतीच. परंतु पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्या रोहित शर्माकडून कर्णधारपद काढून ते हार्दिककडे सोपवले गेले आणि २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईच्याच कर्णधाराची मुंबईकरांनी हुर्यो उडवली. १४ पैकी केवळ ४ सामने जिंकून संघ तळाला गेला. पुढच्या वर्षी तोच संघ, तोच कर्णधार बाद फेरीत पोहोचला. म्हणजे हार्दिकची निवड चुकली नव्हती. त्याच्यासोबत आलेली उलथापालथ पचायला एक मोसम द्यावा लागला.

चेन्नईचा ताळेबंद

या कसोट्यांवर चेन्नईचा सौदा तपासता येतो. पहिली कसोटी, रिकामी जागा कोणती? व्यवहाराच्या वेळी महेंद्रसिंग धोनी ४४ वर्षांचा होता. त्याच्यानंतर भारतीय यष्टिरक्षक-फलंदाज कोण, या प्रश्नाला तेव्हा ३१ वर्षांचा असलेला संजू हे सरळ उत्तर होते. दुसरी, नेतृत्वाचा गोंधळ होईल का? व्यवहार होताच ऋतुराजच कर्णधार राहील असे चेन्नईने जाहीर केले. मुंबईची चूक येथे टळली आहे.

तिसरी कसोटी मात्र अवघड आहे. नवी पोकळी किती मोठी? जडेजा ३७ व्या वर्षात उतरणीला लागला असे मानले, तरी तो चार षटके टाकणारा, मधल्या फळीत फलंदाजी करणारा आणि क्षेत्ररक्षणात धावा वाचवणारा भारतीय खेळाडू आहे. अंतिम अकरांत चारच परदेशी खेळाडू चालतात. त्यामुळे त्याची जागा परदेशी अष्टपैलूने भरली, तर दुसरीकडे भोक पडते.

२०२५ च्या मोसमात चेन्नई दहाव्या आणि राजस्थान नवव्या स्थानी होते. जे आहे ते जपून ठेवण्यात दोघांचाही लाभ नव्हता. म्हणून चेन्नईने हा धोका पत्करणे योग्यच होते. पण व्यवहार तेवढ्यावर अर्धाच झाला होता. उरलेला अर्धा भाग अबुधाबीच्या लिलावात पूर्ण व्हायचा होता. तेथे चेन्नईला डावखुरा फिरकी अष्टपैलू, तोही भारतीय, मिळतो की नाही, यावर ऋतुराजच्या हाती कसा संघ येतो हे ठरणार होते.