बोरीवलीतून बर्फावरच्या हॉकीकडे

गोराई जेट्टीवरून बोटीने एस्सेलवर्ल्डला गेलेल्या बोरीवलीकरांना तिथली बर्फाची रिंक आठवत असेल. कठडा घट्ट धरून सरकणारी पोरं, भाड्याचे बूट, ओले गुडघे! आइस हॉकीची सुरुवातही अशीच होते. नवख्याने आधी पडायला-उठायला शिकायचं, मग थांबायला. स्टिकची कमाल नंतर.

कॉलेजच्या संघात नवख्यालाही जागा मिळू शकते, कारण बर्फावर गोलरक्षकासह सहाच खेळाडू असले तरी साधारण मिनिटाभरात दमछाक होते आणि खेळ चालू असतानाच कठड्यावरून उडी मारून बदली खेळाडू आत येतात. पक, म्हणजे खेळायची चकती, असते कडक रबराची, जेमतेम अडीच सेंटिमीटर जाड. उसळू नये म्हणून ती आधी गोठवतात!

हा खेळ ज्यू खेळाडूही खेळतात; त्यांच्यातले धर्मनिष्ठ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ पाळतात, तेव्हा सामना नाही. कोकणातले आपले मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू याच नेमाने शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत. मला हा धागा फार आवडतो.

भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघात आहे, इस्राएल १९९१ पासून. शिकायचंय? इनलाइन स्केट्सवर आजच सुरुवात करा. तोल तिथे जमला की बर्फावर निम्मं काम सोपं होतं.